माती गेली, खंदक उरले: गोव्याच्या खाणपट्ट्यातली गावं आणि त्यांचं पाणी

कोळशाच्या खाणींभोवती वसलेल्या गावांचा इतिहास जगात बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. कंपनी माळरानावर येते, कामगारांसाठी चाळी बांधते, दुकान आणि दवाखाना काढते, आणि कोळसा संपला की निघून जाते. गोव्यात कोळसा नाही, लोहखनिज आहे. इथे कंपनीने गाव वसवलं नाही. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे तालुक्यांतली ही गावं आपापल्या देवळांसह, शेतांसह आणि कुळागरांसह (सुपारी-नारळाच्या बागांसह) आधीपासूनच होती. कंपनी आली ती गावाच्या डोक्यावरच्या डोंगरावर. खाण चालू असताना या गावांचं काय झालं आणि थांबल्यावर काय झालं, हे कळायला डोंगराच्या पोटापासून सुरुवात करावी लागते.

लोहखनिजाचा हा पट्टा वायव्येला पेडण्यातल्या नयबागपासून आग्नेयेला सांग्यातल्या साळगिणीपर्यंत सुमारे ९५ किलोमीटर पसरलेला आहे. मूळ खडकात लोह आणि सिलिका यांचे एकाआड एक पट्टे होते. लाखो वर्षं पावसाचं पाणी झिरपत राहिलं, त्याने सिलिका विरघळवून नेली आणि लोह मागे राहिलं. सिलिका जिथून गेली तिथे पोकळ्या राहिल्या. म्हणूनच गोव्याचं खनिज बरंचसं भुकटीच्या रूपात मिळतं आणि ते खणायला सुरुंगांची गरज फार पडत नाही. त्याच पोकळ्यांमध्ये पाणी साठतं. वर जांभ्याचा कठीण सडा, त्याखाली चिकणमातीचे थर, आणि त्यांच्यामध्ये किंवा खाली भुसभुशीत खनिज अशी साधारण रचना असते. जांभा पाऊस शोषून घेतो, चिकणमाती तो अडवते, आणि डोंगराच्या कुशीत जिथे हे दोन थर एकमेकांना भेटतात तिथे झर फुटते. खालचं भुकटी खनिज हा पाण्याचा दुसरा, जास्त खोल साठा.

म्हणजे या पट्ट्यात खनिज आणि पाणी एकाच जागी आहेत. खनिज काढायचं म्हणजे पाणी जिथे साठतं तो थरच उचलून न्यायचा. खाणीमुळे पाणी आटतं असं आपण सगळेच म्हणतो, पण त्याचं कारण पंपांपुरतं नाही. पंप बंद केला तरी उचललेला थर परत येत नाही.

१०० हेक्टरांचे तुकडे

पोर्तुगीज सरकारने वसाहतींमधल्या खाणींसाठी २० सप्टेंबर १९०६ रोजी हुकूमनामा काढला. त्याखाली दिलेले परवाने मुदतीचे नव्हते, जवळपास कायमचे होते. क्षेत्र मात्र लहान, साधारण १०० हेक्टरांच्या आतलं. पुढच्या अनेक भानगडींचं मूळ या छोट्या तुकड्यांत आहे. गोव्यात एक टन खनिज काढायला सुमारे अडीच ते तीन टन टाकाऊ माती हलवावी लागते. १०० हेक्टरांत खंदक म्हणजे खाणीचा खोल खड्डा खणायचा, रस्ते काढायचे, प्लांट उभारायचा, तर डंप, म्हणजे टाकाऊ मातीचे ढीग, कुठे घालणार? मग डंप लीजच्या (खाणीसाठी पट्ट्याने मिळालेल्या जागेच्या) बाहेर गेले: कुठे शेताच्या वर, कुठे व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला, कुठे भाड्याने घेतलेल्या खासगी जमिनीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये लीजबाहेर डंप घालायला मनाई केली. तोपर्यंत डोंगरच्या डोंगर उभे राहिले होते.

खरी निर्यात दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. सुरुवातीला काम हातांचं होतं. कुदळीने खणायचं, घमेल्यातून वाहायचं आणि पडावात (होडीत) भरायचं. १९५० च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवं होतं. जपानी कर्जातून यंत्रं आली आणि शिरगावसारख्या ठिकाणी यांत्रिक खाणकाम सुरू झालं. त्याच काळात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, आणि पोर्तुगीज प्रशासनाला खनिज हाच परकीय चलनाचा मोठा आधार उरला. १९६१ च्या गोवामुक्तीच्या सुमारास वर्षाची निर्यात ६५ लाख टनांच्या आसपास पोचली होती.

या पैशाचा गोव्यातल्या मराठीशीही जवळचा संबंध आहे. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते, आणि त्यांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. 'गोमन्तक' दैनिक १९६२ मध्ये चौगुले उद्योगसमूहाने सुरू केलं, 'नवप्रभा' १९७० मध्ये डेंपो समूहाने. खाणींवर बोलताना आपण अनेकदा एकच बाजू धरतो. पण खाणपट्ट्यातल्या मुलांच्या हातात पुस्तक आणि पेपर आला, त्यातही या मातीचा वाटा आहे हे मान्य करायला हवं.

माती बोटीपर्यंत कशी जाते

खाण म्हटलं की खड्डा आठवतो, पण गावाचं रूप पालटलं ते वाहतुकीने. खंदकातून खनिज ट्रकात जातं, ट्रकातून नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये (माल वाहणाऱ्या सपाट बोटीत), आणि बार्जमधून मुरगाव बंदरात किंवा समुद्रात नांगरलेल्या जहाजावर. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या नसत्या तर इतकं हलक्या प्रतीचं खनिज निर्यात करणं परवडलंच नसतं. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आणि लाटा यांमुळे बार्ज बाहेर काढणं धोक्याचं ठरतं. तेव्हा ती कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात.

हिशेब करून पाहू. एका ट्रकात १० टन, मोठ्या बार्जमध्ये २,००० टन धरले तर एक बार्ज भरायला ट्रकच्या २०० फेऱ्या लागतात. ७०,००० टनांच्या एका जहाजाला ३५ बार्ज, म्हणजे ७,००० फेऱ्या. खाण ते धक्का हे अंतर बहुधा १०-२० किलोमीटरांचं, आणि रस्ता गावातून, शाळेवरून, देवळावरून जाणारा. शिवाय त्या एका जहाजामागे सुमारे दोन लाख टन टाकाऊ माती गावातच राहते. गावात धूळ किती उडाली असेल आणि डंप किती वाढला असेल, ते या आकड्यांवरून कळतं.

हे ट्रक बहुतेक गावकऱ्यांचेच. कोळशाच्या गावांपेक्षा गोवा वेगळा पडतो तो इथे. तिथे कामगाराला कंपनीचा पगार आणि कंपनीची खोली. इथे ज्याची शेती डंपाखाली किंवा गाळाखाली गेली, त्याला नोकरीऐवजी ट्रक लावायची संधी मिळाली. त्याने घर किंवा जमीन गहाण ठेवून बँकेचं कर्ज घेतलं आणि ट्रक रांगेत लावला. त्याच्या जिवावर टायरवाला, गॅरेज, स्पेअर पार्टचं दुकान, खानावळ हे सगळं उभं राहिलं. कुडचडे, उसगाव-तिस्क, साखळी, डिचोली इथल्या बाजारपेठा अशा वाढल्या. विहीर आटली की कंपनी टँकर पाठवायची, जत्रेला देणगी द्यायची, फुटबॉलच्या संघाला कपडे द्यायची. त्यामुळे ज्याचं शेत गेलं तो आणि ज्याचा ट्रक चालतो तो, हे दोघे पुष्कळदा एकाच घरात राहत. या गावांत खाणीच्या बाजूचे आणि विरोधातले असे सरळ दोन गट पाडता येत नाहीत, त्याचं कारण हे.

२००० नंतर चीनची मागणी आली आणि हे सगळं अनेक पटींनी फुगलं. पूर्वी हलकं म्हणून टाकून दिलेलं 'रिजेक्शन'ही विकलं जाऊ लागलं. २०१०-११ च्या सुमारास वर्षाची निर्यात पाच कोटी टनांवर गेली. नुकसान यात दुहेरी होतं. नवे खंदक तर खोल गेलेच, शिवाय झाडं धरून स्थिरावलेले जुने डंप पुन्हा उकरले गेले. उकरलेल्या डंपाची सैल माती पहिल्या जोराच्या पावसात खाली येते.

थांबली कशामुळे

कायद्याची गोष्ट थोडक्यात. १९८७ च्या कायद्याने पोर्तुगीज परवाने २० डिसेंबर १९६१ पासून रद्द ठरवून त्यांचं रूपांतर मुदतीच्या लीजमध्ये केलं. ही मुदत आणि पुढचं एक नूतनीकरण धरून सगळं २२ नोव्हेंबर २००७ ला संपत होतं. दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज पडून राहिले आणि खाणी चालूच राहिल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम स्थगित केलं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की २००७ नंतरचं खाणकाम लीजशिवायच झालं. वर्षाला दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली आणि विक्रीतला दहावा हिस्सा कायमस्वरूपी निधीत ठेवायला लावला. मग राज्याने ८८ लीजचं नूतनीकरण केलं, ते न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केलं, आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा थांबल्या. लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. डिचोलीचा पहिला ब्लॉक २०२४ मध्ये चालू झाला.

म्हणजे इथली खाण कोर्टाच्या तारखेला थांबली, खनिज संपलं म्हणून नव्हे. त्यामुळे ती बंद करण्याची तयारी कुणी केलेली नव्हती. नियमानुसार प्रत्येक खाणीचा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आराखडा असावा लागतो. पण आपण कायम चालूच राहणार असं धरून चाललेल्या खाणीत तो आराखडा बहुधा फायलीतच राहतो.

पाण्याने भरलेला खंदक

खाण चालू असताना पंप चोवीस तास पाणी उपसतात, कारण काही खंदकांचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला आहे. पंप थांबले की दोन बाजूंनी पाणी येतं: जमिनीतून झिरपून आणि वरून पावसाचं. पावसाचा हिशेब सोपा आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. १० हेक्टर तोंडाच्या खंदकात नुसता वरून पडणारा पाऊस होतो तीन लाख घनमीटर, म्हणजे ३० कोटी लिटर. भोवतालच्या उतारांवरचं पाणी वेगळंच.

खंदकाला सुरक्षित सांडवा नसेल तर पाणी स्वतःची वाट शोधतं, आणि ती बहुधा सैल मातीच्या भरावातून जाते. भराव एकदा कापला गेला की चिखलासह सगळं खालच्या वाड्यावर (वस्तीवर) उतरतं. म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच पाण्याची पातळी खाली आणून जागा मोकळी ठेवावी लागते. जुलैमध्ये पंप लावून उपयोग नाही. तेव्हा येणारं पाणी उपशापेक्षा जास्त असतं आणि व्हाळही आधीच दुथडी भरलेला असतो.

कडा हा दुसरा धोका. धातूंच्या खुल्या खाणींच्या नियमांनुसार मऊ मातीत उतार ४५ अंशांहून तीव्र नसावा, नाहीतर दीड मीटर उंचीच्या पायऱ्या हव्यात. कठीण जमिनीत पायरी ६ मीटरांपर्यंत, आणि रुंदी उंचीहून कमी नको. यंत्रांनी काम करताना परवानगी घेऊन यात सूट मिळते. पण पाणी चढलं की या पायऱ्या दिसेनाशा होतात. काठावर गुडघाभर वाटणारं पाणी दोन पावलांवर एकदम खोल होतं, आणि भिजलेली कडाही ढासळते. पोहायला उतरणाऱ्या मुलांचा जीव जातो तो इथे. कुंपण हवंच, आणि पुरुषभर खोल पाण्याच्या आधीची शेवटची पायरी वर काठीने खुणावून ठेवायला हवी.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. कोळशाच्या खाणीत पुष्कळदा गंधकयुक्त खनिजांमुळे पाणी आम्लधर्मी होतं आणि वर्षानुवर्षं सुधारत नाही. गोव्याचं खनिज ऑक्साइडचं, त्यामुळे खंदकातलं पाणी गाळ बसल्यावर पुष्कळ ठिकाणी वापरण्याजोगं असतं. पाऊस लांबला की असं पाणी नदीत सोडून ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पुरवलेलं आहे. पिण्यासाठी वापरण्याआधी मँगनीज आणि तरंगता गाळ यांची तपासणी करावीच लागते. साखळीच्या जुन्या खाणीत खंदकात मासे पाळले आणि डंपावर झाडं उभी केली, तेव्हा खाण नीट बंद करता येते हे इथल्या इथेच सिद्ध झालेलं आहे.

डंप आणि शेत

ट्रकातून ओतलेली माती आपोआप साधारण ३७ अंशांच्या उतारावर थांबते. कोरडी असेपर्यंत ती टिकते, पावसात टिकत नाही. पर्यावरण परवान्यांमध्ये डंपाचा एकूण उतार २८ अंशांपर्यंत ठेवण्याची अट असते. त्यासाठी वरचा भाग मागे ओढून पायऱ्या कराव्या लागतात. पायथ्याशी चिऱ्यांची भिंत, डंपाभोवती चर, आणि त्या चराचं पाणी ओळीने दोन-तीन गाळ-तळ्यांतून जायला हवं. यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे ही तळी उपसणं. मे महिन्यात तळं गाळाने भरलेलंच असेल तर जूनचं लाल पाणी त्यावरून सरळ व्हाळात जातं. तळं कागदावर असतं, प्रत्यक्षात सपाट मैदान झालेलं असतं. झाडं लावताना आधी काथ्याच्या जाळीवर गवत धरावं, मग झाडं. नुसती ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की लांबून डंप हिरवा दिसतो, पण खाली जमीन उघडीच राहते आणि ओघळ पडतच राहतात.

शेतात आलेल्या गाळाचं काय करायचं, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न. हा गाळ अतिशय बारीक असतो. सुकला की त्याचा पापुद्रा कडक होतो, खाली हवा जात नाही आणि रोपाची मुळं वरच्यावरच राहतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेत सुकलेलं असताना हातभर चर खणून बघावं. लाल-जांभळट चिकट थर आणि त्याखालची काळसर मूळ माती यांच्यामधली रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. थर दोन-तीन बोटांचा असेल तर भरपूर शेणखत आणि हिरवळीचं खत घालून नांगरटीत मिसळता येतो. वीतभर झाला तर काढूनच टाकावा लागतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जेसीबीवाला तासावर काम करतो आणि गाळाबरोबर मूळ मातीही उचलून नेतो. म्हणून शेतात जागोजागी चर खणून, त्या रेघेइतक्या खोलीच्या खुंट्या ठोकाव्यात आणि मगच यंत्र आत घ्यावं. काढलेला गाळ बांधावर किंवा व्हाळाच्या काठाला टाकू नये, पुढच्या पावसात तो परत येतो.

त्याआधी व्हाळ साफ करावा, आणि तो खालच्या टोकाकडून वर. वरून सुरुवात केली तर पाणी मध्येच तुंबतं. पहिल्या वर्षी भाताची खालची पानं टोकाकडून तांबूस ठिपक्यांनी भरू लागली तर ते लोहाच्या अतिरेकाचं लक्षण समजावं. काही दिवस शेतातलं पाणी काढून टाकावं, पालाशची मात्रा बघावी आणि माती तपासून चुना द्यावा. वरच्या डंपाचा बंदोबस्त झालेला नसेल तर मात्र हा सगळा खर्च एका पावसात पाण्यात जातो.

सरद, म्हणजे पावसाळ्यातलं भाताचं पीक, पावसावर येतं, त्यामुळे ते तग धरतं. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती, झरीच्या पाण्यावर अवलंबून असते. खंदक पाण्याच्या पातळीखाली गेला की सर्वांत आधी वायंगण जातं, मग कुळागरातलं पाटाचं पाणी, आणि विहीर शेवटी. झर मे महिन्यात आटायची ती जानेवारीत आटू लागली, तर विहिरी आटायची वाट पाहत बसू नये.

नवी खाण येणार असेल तर

आता लिलावातून ब्लॉक जात आहेत. अनेक गावांनी घरं, देवळं, तळी आणि शेती लीजमधून वगळण्याची मागणी केली आहे, आणि ती रास्त आहे. पण मागणीबरोबर हातात आकडे असायला हवेत. प्रत्येक वाड्यावरच्या चार-पाच विहिरी निवडाव्यात. दोरीला दगड बांधून, दोरीवर हाताच्या नव्हे तर मीटरपट्टीच्या खुणा करून, दर पंधरवड्याला काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर तारखेसह वहीत लिहावं. सकाळी, पंप चालू होण्याआधी मोजावं. झरीचं पाणी एक बादली भरायला किती सेकंद लागतात तेही लिहावं. खाण सुरू होण्याआधीच्या एका पूर्ण वर्षाची नोंद असेल तरच नंतरचा फरक दाखवता येतो. ती नसेल तर पाऊस कमी झाला, असं उत्तर मिळतं आणि त्यावर बोलायला काही राहत नाही.

जनसुनावणीची सूचना ३० दिवस आधी निघते आणि पर्यावरण अहवालाचा मसुदा पंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो. तो जाडजूड असतो, सगळा वाचायची गरज नाही. तीन पानं शोधावीत. पहिलं, खंदकाचा शेवटचा तळ समुद्रसपाटीपासून किती मीटरवर असेल आणि भूजलाची पातळी किती मीटरवर आहे. तळ पातळीच्या खाली असेल तर उपसा होणारच, मग तो किती आणि कुठे सोडणार, हे विचारावं. दुसरं, डंपाची जागा लीजच्या आत दाखवली आहे का, आणि त्याचं पाणी कोणत्या व्हाळाला मिळतं. तिसरं, ट्रकचा रस्ता आणि दिवसाच्या फेऱ्या. वर्षाचं उत्पादन भागिले १०, भागिले कामाचे दिवस, एवढं केलं तरी कळतं. वर्षाला १० लाख टन आणि २५० दिवस धरले तर दिवसाला ४०० भरलेले ट्रक जातात आणि ४०० रिकामे परत येतात. अहवालातला आकडा याच्याशी जुळत नसेल तर ते सुनावणीत बोलावं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावं.

जिल्हा खनिज निधीत लिलावाने दिलेल्या लीजकडून रॉयल्टीच्या १० टक्के रक्कम जमा होते, आणि ती खाणबाधित भागासाठीच असते. गाळ उपसणं, व्हाळ मोकळे करणं, झरींचं पुनरुज्जीवन ही कामं त्यात बसतात. ग्रामसभेत ठराव घेताना 'विकासकामं' एवढंच लिहू नये. कोणता व्हाळ, कुठून कुठपर्यंत, किती मीटर, आणि काम मे महिन्याच्या कोणत्या तारखेआधी पुरं व्हायला हवं, ते लिहावं.